गरोदरपणातील टॉक्सोप्लाझ्माची चाचणी: रक्त केव्हा द्यावे आणि अहवाल कसा वाचावा

गरोदरपणातील रक्ततपासण्यांच्या अहवालात टॉक्सोप्लाझ्माच्या दोन ओळी असतात. एका ओळीत आयजीजी, दुसरीत आयजीएम (संसर्गाशी लढण्यासाठी शरीर रक्तात तयार करते त्या प्रथिनांचे, म्हणजे प्रतिपिंडांचे, हे दोन प्रकार), त्यांच्यासमोर आकडे आणि कधी कधी एखाद्या आकड्यापुढे ठळक अक्षरांत छापलेला 'पॉझिटिव्ह' हा शब्द. तो वाचताच छातीत धस्स होते आणि डॉक्टरांची भेट मिळेपर्यंतच्या दोन-तीन दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. खरे तर या तपासणीत आयजीजी पॉझिटिव्ह असणे ही बहुतेक वेळा निश्चिंत करणारी गोष्ट असते. पुढचे सगळे महिने जपून राहावे लागते ते निगेटिव्ह अहवाल आलेल्या स्त्रीने. ही उलटी वाटणारी गोष्ट एकदा नीट समजली की बाकीची तपासणी समजायला फारसे अवघड नाही. हा लेख पहिल्यांदाच या तपासणीला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. त्याने डॉक्टरांचा सल्ला घेण्याची गरज संपत नाही, मात्र त्यांच्यापुढे बसल्यावर नेमके काय विचारायचे हे कळावे, एवढी अपेक्षा आहे.

आधी थोडे या परजीवीविषयी

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी आहे. १९०८ साली ट्यूनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. नावातील 'टॉक्सो' हा भाग विषावरून आलेला नसून धनुष्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी धनुकलीसारखी वाकलेली दिसते. त्यामुळे नाव ऐकून विषबाधेची कल्पना करून घेण्याचे कारण नाही.

या परजीवीचे लैंगिक पुनरुत्पादन फक्त मार्जारकुळातील प्राण्यांच्या आतड्यात होते, आणि ही गोष्ट १९७० च्या सुमारास सिद्ध झाली. मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाला की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून टणक कवचाचे असंख्य सूक्ष्म कोष बाहेर पडतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. ताज्या विष्ठेतील कोष लगेच संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. पण एकदा पक्व झाले की ओलसर मातीत ते कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळही टिकतात. अशा मातीतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून ते इतर प्राण्यांच्या आणि माणसांच्या पोटात जातात. प्राण्यांच्या स्नायूंत हा परजीवी पुटींच्या रूपाने दडून बसतो, आणि असे मांस अर्धकच्चे खाल्ले की तोच संसर्ग माणसाला होतो. माणसात शिरण्याचा तिसरा मार्ग म्हणजे आईकडून वारेतून बाळाकडे.

निरोगी माणसाला या संसर्गाचा बहुधा पत्ताही लागत नाही. काहींना मानेत गाठी येतात, बारीक ताप आणि थकवा काही आठवडे राहतो, आणि मग सगळे आपोआप निवळते. परजीवी शरीरातून पूर्णपणे जात मात्र नाही. तो पुटींच्या रूपाने आयुष्यभर निपचित पडून राहतो आणि रोगप्रतिकारशक्ती त्याला तिथेच जखडून ठेवते. त्यामुळे गरोदर राहण्याआधी कधीतरी ज्या स्त्रीला हा संसर्ग होऊन गेला आहे, तिच्या बाळाला त्याचा धोका जवळजवळ नसतो. धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर, कारण त्या वेळी परजीवी काही काळ रक्तात मोकळा फिरत असतो आणि वारेपर्यंत पोहोचू शकतो. एचआयव्हीसारख्या आजारामुळे किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे जिची संरक्षणव्यवस्था फार कमकुवत झाली आहे, तिच्यात जुना संसर्गही पुन्हा डोके वर काढू शकतो. अशा स्त्रीने खालील सर्वसाधारण नियम स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत आणि आपल्या आजाराची माहिती प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत द्यावी.

पहिली पायरी: आपल्याला ही तपासणी हवी आहे का, हे ठरवणे

या प्रश्नावर जगात एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. ऑस्ट्रियामध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सर्व गरोदर स्त्रियांची तपासणी होत आली आहे. फ्रान्सने १९७८ मध्ये ती विवाहपूर्व तपासणीत आणली आणि १९९२ पासून प्रतिपिंडे नसलेल्या गरोदर स्त्रियांची दर महिन्याला रक्ततपासणी सुरू केली. ब्रिटनमध्ये मात्र सरसकट तपासणीची शिफारस नाही, अमेरिकेतही नाही, आणि स्वित्झर्लंडने पूर्वी होत असलेली सरसकट तपासणी २००९ मध्ये थांबवण्याची शिफारस केली. विरोधाची कारणे ठोस आहेत: जिथे हा संसर्ग विरळ आहे तिथे खऱ्या रुग्णांपेक्षा खोटे पॉझिटिव्ह अहवालच जास्त हाती येतात, त्यातून अनावश्यक भीती आणि पुढच्या जोखमीच्या तपासण्या ओढवतात, आणि उपचारांचा नेमका किती फायदा होतो याविषयीचा पुरावाही अजून हवा तेवढा भक्कम नाही. बाजूने बोलणारे म्हणतात की लक्षणे नसलेला हा संसर्ग रक्त तपासल्याशिवाय सापडतच नाही, आणि उपचार लागू पडायचे असतील तर ते लवकर सुरू व्हावे लागतात.

माझे मत असे की नियमानुसार तपासणी होत नसेल तिथे तीन प्रसंगी ती आवर्जून मागावी. मानेत गाठी आणि रेंगाळणारा ताप असेल तर; सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत पाणी साठलेले किंवा चुन्याचे ठिपके दिसले तर; आणि कच्चे मांस किंवा मांजराची जुनी विष्ठा यांच्याशी नक्की संबंध आल्याचे आठवत असेल तर. याखेरीज गर्भधारणेचा विचार चालू असतानाच एकदा आयजीजी तपासून ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्या वेळचा निकाल नंतरच्या सगळ्या गुंतागुंतीवर उत्तर ठरतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना 'टॉर्च' नावाचा (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा काही संसर्गांच्या) तपासण्यांचा संच सर्रास सांगितला जातो, त्यात टॉक्सोप्लाझ्माचा आयजीजी पॉझिटिव्ह निघतो आणि गर्भपातांचे खापर त्यावर फोडून औषधे सुरू होतात. गरोदरपणात नव्याने झालेल्या संसर्गाने एखादा गर्भपात होऊ शकतो, हे खरे. परंतु एकदा प्रतिकारशक्ती आल्यावर तोच संसर्ग पुढच्या प्रत्येक गर्भाला मारत राहत नाही. वारंवार होणाऱ्या गर्भपातांच्या शोधात या तपासणीचा उपयोग नाही, आणि जुन्या आयजीजीवर उपचार करण्याची गरजही नाही.

दुसरी पायरी: रक्त केव्हा आणि कसे द्यावे

दिवस राहिल्याचे कळताच, म्हणजे शक्यतो पहिल्या तिमाहीत, पहिला नमुना द्यावा. या तपासणीत लवकर येण्याला जेवढे महत्त्व आहे तेवढे यंत्राच्या अचूकतेलाही नाही. आठव्या आठवड्यात जो निकाल निर्विवाद असतो, तोच चोविसाव्या आठवड्यात संदिग्ध ठरतो; का, ते पुढे उदाहरणासह येईलच.

रक्त दंडाच्या शिरेतून घेतात, उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. आयजीजी आणि आयजीएम दोन्ही मागावेत, नुसता आयजीएम मागू नये. निकाल केवळ 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असा न घेता आकड्यांसह आणि त्या किटच्या मर्यादांसह मागावा. आयजीजीचा आकडा बहुधा आंतरराष्ट्रीय एककांत असतो, तर आयजीएम हा बरेचदा नुसता निर्देशांक असतो, आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून वाढ-घट काढता येत नाही. म्हणून पुन्हा तपासणी करायची वेळ आली तर त्याच प्रयोगशाळेत जावे, आणि पहिल्या नमुन्यातील रक्तद्रव गोठवून ठेवता येईल का हे आधीच विचारावे. तो जपलेला असेल तर जुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासता येतो.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर तसे प्रयोगशाळेला सांगावे, कारण काही प्रकारच्या यंत्रतपासण्यांत बायोटिनमुळे निकाल चुकू शकतो. नुकतेच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले असेल तर तेही सांगावे. दात्याची प्रतिपिंडे तुमच्या अहवालात पाहुणी म्हणून आलेली असू शकतात.

तिसरी पायरी: अहवालातील दोन ओळी एकत्र वाचणे

संसर्ग झाल्यावर साधारण पहिल्या आठवड्यात आयजीएम दिसू लागतो. आयजीजी त्यामागोमाग एक-दोन आठवड्यांत येतो, महिना-दोन महिन्यांत शिखर गाठतो आणि नंतर हळूहळू उतरून आयुष्यभर राहतो. आयजीएम काही महिन्यांत जावा अशी अपेक्षा असते, पण तो अनेकींमध्ये वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ रेंगाळतो. या शेवटच्या वाक्यातच बहुतेक सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

दोन्ही निगेटिव्ह असतील तर तुम्हाला आजवर संसर्ग झालेला नाही आणि संरक्षणही नाही. आयजीजी पॉझिटिव्ह व आयजीएम निगेटिव्ह, आणि नमुना पहिल्या तिमाहीतला असेल, तर संसर्ग जुना आहे. विषय तिथेच संपतो, पुन्हा तपासणी नको. हाच निकाल शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच हाती आला तर तो बहुधा जुनाच संसर्ग असतो, परंतु गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला संसर्ग होऊन आयजीएम एव्हाना ओसरला असण्याची शक्यता पूर्णपणे पुसता येत नाही. आयजीजी निगेटिव्ह आणि आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर दोनच शक्यता उरतात: एकतर संसर्ग अगदी ताजा आहे किंवा आयजीएम खोटा आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे. आयजीजी उगवला तर संसर्ग खरा, आणि महिनाभरानंतरही तो उगवला नाही तर तो आयजीएम निरर्थक समजून तुम्हाला संसर्ग न झालेल्या गटात धरले जाते.

चौथी जोडी, म्हणजे दोन्ही पॉझिटिव्ह, हीच खरी डोकेदुखी आहे. असा निकाल आल्यावर 'सध्या संसर्ग चालू आहे' असे कोणी सांगितले तर ते घाईचे विधान आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली डॉक्टरांना याच बाबतीत जाहीर सूचना दिली होती: बाजारातील आयजीएम किटचा पॉझिटिव्ह निकाल एवढ्याच आधारावर गरोदर स्त्रीला नुकता संसर्ग झाल्याचे ठरवू नये. एका आयजीएमवर कोणताही निर्णय घेऊ नये, गर्भपाताचा तर मुळीच नाही. हे वाक्य मी मुद्दाम इतक्या ठामपणे लिहीत आहे.

चौथी पायरी: ॲव्हिडिटी

दोन्ही पॉझिटिव्ह असतील तेव्हा पुढची तपासणी म्हणजे आयजीजी ॲव्हिडिटी, अर्थात प्रतिपिंडाची पकड किती घट्ट आहे याचे मोजमाप. संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे परजीवीला सैल धरतात, महिन्यागणिक ती पकड घट्ट होत जाते. तपासणीत युरियासारखे रसायन घालून ही पकड सोडवण्याचा प्रयत्न करतात. जी प्रतिपिंडे तरीही चिकटून राहतात त्यांचे प्रमाण म्हणजे ॲव्हिडिटी. बहुतेक वेळा त्यासाठी वेगळे रक्त द्यावे लागत नाही, पहिल्याच नमुन्यावर ती करता येते.

ॲव्हिडिटी उच्च असेल तर संसर्ग निदान चार महिन्यांपूर्वीचा आहे, असे समजतात. काही किटमध्ये ही मुदत तीन महिन्यांची असते, म्हणून अहवालाखालची टीप वाचावी. ॲव्हिडिटी कमी असेल तर मात्र संसर्ग नवाच आहे असे सिद्ध होत नाही, कारण काही जणींत पकड वर्षभरही सैल राहते. थोडक्यात, ही तपासणी ताज्या संसर्गाची शंका फेटाळू शकते, तो सिद्ध करू शकत नाही.

हे आकड्यांत पाहू. समजा नऊ आठवडे पूर्ण झालेल्या एका स्त्रीचा आयजीजी ८६ आहे, आयजीएम मर्यादेच्या थोडा वर आहे आणि ॲव्हिडिटी उच्च आली आहे. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भधारणा होऊन प्रत्यक्षात सातच आठवडे झाले आहेत. संसर्ग सोळा आठवड्यांहून जुना आहे, अर्थात तो गर्भधारणेच्या कितीतरी आधीचा आहे. रेंगाळलेला आयजीएम बाजूला ठेवून ती निश्चिंत राहू शकते. आता हाच अहवाल चोविसाव्या आठवड्यातील स्त्रीचा आहे असे समजा. चोवीसमधून सोळा वजा केले की उरतात आठ. आठव्या आठवड्यानंतर संसर्ग झालेला नाही एवढेच तिला सांगता येते, त्याआधीच्या आठवड्यांबद्दल अहवाल मौन पाळतो. आकडे तेच, यंत्र तेच, पण रक्त उशिरा दिल्याने उत्तर अर्धे राहिले.

उच्च ॲव्हिडिटी मिळाली नाही तर दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना देऊन आयजीजी वाढतो आहे की स्थिर आहे हे पाहतात. तो स्थिर असेल तर शिखर गाठून झालेले आहे, म्हणजे संसर्ग बहुधा दोन महिन्यांपूर्वीचा तरी आहे; लक्षणीय वाढत असेल तर संसर्ग अलीकडचा. या टप्प्यावर नमुने टॉक्सोप्लाझ्माचे विशेष काम करणाऱ्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी. तिथे १९४८ साली सेबिन आणि फेल्डमन यांनी काढलेली रंगचाचणी आजही निकष म्हणून वापरली जाते. औषध सुरू करण्याआधीचे रक्त जपून ठेवणेही महत्त्वाचे, कारण उपचारांनी प्रतिपिंडांची पकड घट्ट होण्याचा वेग मंदावू शकतो.

दोन्ही निगेटिव्ह आलेल्या स्त्रीने काय करावे

तिच्यासाठी दोन कामे आहेत, पुन्हा तपासणी आणि काळजी. पुन्हा तपासणी किती दिवसांनी करायची हे तिथल्या पद्धतीवर अवलंबून आहे. फ्रान्सप्रमाणे दर महिन्याला शक्य नसेल तर किमान प्रत्येक तिमाहीत एकदा आणि प्रसूतीनंतर काही आठवड्यांनी एकदा, असे प्रसूतितज्ज्ञांशी बोलून ठरवावे. शेवटची तपासणी बहुतेक जणी विसरतात. नवव्या महिन्यात झालेला संसर्ग तीच उघडकीला आणते, आणि वारेतून बाळाकडे परजीवी जाण्याची शक्यता त्याच महिन्यांत सर्वाधिक असते.

काळजीच्या बाबतीत लोकांचे सगळे लक्ष मांजराकडे जाते, आणि ते काहीसे चुकीचे आहे. युरोपातील सहा शहरांत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांमधील ३० ते ६३ टक्के संसर्ग अर्धकच्च्या किंवा नुसत्या मुरवलेल्या मांसामुळे आणि ६ ते १७ टक्के मातीच्या संपर्कामुळे झाल्याचे आढळले. मांजराशी संपर्क हा स्वतंत्र धोका म्हणून दिसलाच नाही. म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून करावी. अखंड तुकड्याचे मांस आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसला पोहोचवून तीन मिनिटे तसेच ठेवावे, खिमा ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडी ७४ अंशांपर्यंत शिजवावी. थर्मामीटर नसेल तर आतील गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत आणि रस नितळ होईपर्यंत शिजवावे. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये. उणे १८ अंशांवर काही दिवस गोठवल्याने पुटींचा धोका बराच कमी होतो, पण मीठ लावणे, धुरी देणे किंवा वाळवणे यांचा तसा भरवसा नाही. शिजत असताना चव पाहण्याची सवय या नऊ महिन्यांपुरती सोडून द्यावी.

ज्या पाटावर आणि ज्या सुरीने कच्चे मांस कापले, तोच पाट नुसता पुसून त्यावर सॅलड चिरण्याची चूक सर्वांत जास्त घडते. पाट, सुरी आणि हात साबणाने व गरम पाण्याने धुवावेत, किंवा मांसासाठी पाट वेगळाच ठेवावा. फळे व भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात, साल काढता येत असेल तर काढावी. दूध उकळून किंवा पाश्चरीकृत घ्यावे. पाण्याची खात्री नसेल तर तेही उकळावे. ऊसिस्टचे कवच इतके चिवट असते की नेहमीच्या क्लोरीनला ते दाद देत नाही. बागकाम करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत.

आता मांजराविषयी. घरातले मांजर कोणाला देऊन टाकण्याची गरज नाही, त्याला कुरवाळल्याने हा रोग होत नाही. त्याच्या मलपेटीची सफाई शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाने करावी आणि ती रोजच्या रोज व्हावी. कोष पक्व व्हायला किमान एक दिवस लागतो, त्याआधी विष्ठा काढली गेली तर धोकाच उरत नाही. दुसरे कोणी नसेल तर हातमोजे घालून करावी. मांजराला कच्चे मांस देऊ नये, शिकारीला बाहेर सोडू नये, आणि या काळात रस्त्यावरचे नवे पिल्लू घरात आणू नये. मांजराचे रक्त तपासून फारसे काही साधत नाही: प्रतिपिंडे असलेल्या मांजराचा कोष टाकण्याचा काळ बहुधा उलटून गेलेला असतो.

संसर्ग नवा आहे असे ठरले तर

पहिली गोष्ट, आईला संसर्ग म्हणजे बाळाला संसर्ग नव्हे. फ्रान्समधील लिऑं येथील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यातील बहुतेक स्त्रियांना उपचार मिळालेले होते, तेराव्या आठवड्यात संसर्ग झाल्यास बाळापर्यंत तो पोहोचण्याची शक्यता ६ टक्के, सव्विसाव्या आठवड्यात ४० टक्के आणि छत्तिसाव्यात ७२ टक्के निघाली. तीव्रतेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे: ज्या बाळांना संसर्ग झाला, त्यांच्यापैकी वयाच्या तीन वर्षांपर्यंत लक्षणे दिसण्याची शक्यता याच तीन टप्प्यांवर अनुक्रमे ६१, २५ आणि ९ टक्के होती. म्हणजे सुरुवातीला संसर्ग क्वचित पोहोचतो पण पोहोचला तर जड जातो, आणि शेवटी तो सहज पोहोचतो पण बहुधा सौम्य असतो. दोन्हींचा मेळ घातला तर लक्षणे असलेले बाळ जन्मण्याचा सर्वाधिक धोका २४ ते ३० आठवड्यांत संसर्ग झालेल्या स्त्रियांना होता, आणि तोही सुमारे १० टक्के.

संसर्ग नवा असल्याची दाट शंका येताच स्पायरामायसिन सुरू करतात, साधारणपणे दर आठ तासांनी एक ग्रॅम. हे औषध वारेत साठते आणि परजीवी पलीकडे जाऊ नये यासाठी दिले जाते. बाळापर्यंत ते पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही, त्यामुळे बाळाला आधीच झालेल्या संसर्गावर त्याचा उपयोग नाही.

बाळाला संसर्ग झाला आहे का हे गर्भजलाच्या पीसीआर तपासणीने, म्हणजे त्यात परजीवीचा डीएनए शोधून, कळते. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात: गरोदरपणाचे अठरा आठवडे पूर्ण झालेले असावेत, आणि आईला संसर्ग झाल्यापासून किमान चार आठवडे उलटलेले असावेत. घाईने आधी केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, कारण परजीवी वारेत अडकून असतो आणि गर्भजलात अजून उतरलेला नसतो. सुईने गर्भजल काढताना गर्भपाताचा अल्पसा धोका असतो, म्हणून नवा संसर्ग रक्ततपासणीने पुरेसा पक्का झाल्याशिवाय ही पायरी चढू नये. निकाल निगेटिव्ह आला तरी थोडी शंका शिल्लक राहते, त्यामुळे अनेक ठिकाणी स्पायरामायसिन प्रसूतीपर्यंत चालू ठेवतात आणि सोनोग्राफी दर महिन्याला करतात.

पीसीआर पॉझिटिव्ह आला, किंवा संसर्ग गरोदरपणाच्या उत्तरार्धात झाला असेल, तर पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन यांची जोडी देतात. पायरिमेथामिन पहिल्या तिमाहीत देत नाहीत, कारण त्याने गर्भात व्यंग येण्याची भीती असते. ते रक्तपेशींची निर्मिती मंदावते, म्हणून सोबत फोलिनिक ॲसिड देतात आणि रक्तपेशींची मोजणी वारंवार करतात. फोलिनिक ॲसिड आणि गरोदरपणात नेहमी मिळणारे फोलिक ॲसिड ही वेगळी औषधे आहेत. दुकानातून एकाऐवजी दुसरे हाती पडले नाही ना, हे वेष्टनावरचे नाव वाचून स्वतः तपासावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे. पीसीआर पॉझिटिव्ह असूनही सोनोग्राफी स्वच्छ असेल तर बाळाचे भवितव्य बरेचदा चांगले असते, आणि पुढचा कोणताही मोठा निर्णय गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

प्रसूतीनंतर

गरोदरपणात संसर्ग झालेल्या आईचे बाळ जन्मतः धडधाकट दिसले तरी तपासण्या सोडू नयेत, कारण संसर्ग झालेल्या बहुसंख्य बाळांमध्ये जन्माच्या वेळी काहीही दिसत नाही. बाळाच्या रक्तातील आयजीएम आणि आयजीए (प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार), दृष्टिपटलाची तपासणी, मेंदूची सोनोग्राफी आणि श्रवणचाचणी एवढ्या गोष्टी करतात. बाळाला संसर्ग असल्याचे ठरले तर औषधे साधारण वर्षभर चालतात, आणि डोळ्यांची तपासणी त्यानंतरही वर्षानुवर्षे करत राहावी लागते, कारण दृष्टिपटलावरचा व्रण किशोरवयातही नव्याने उद्भवू शकतो. अंगावर पाजायला हरकत नाही. स्तनपानातून हा संसर्ग झाल्याचा पुरावा नाही.

बाळाचा आयजीजी जन्माच्या वेळी पॉझिटिव्ह असणारच, कारण तो वारेतून आलेला आईचा असतो. तो दर महिन्याला साधारण निम्मा होत जातो. म्हणून बाळाचे रक्त दर एक-दोन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत तपासून आकडे एका कागदावर तारखेसह उतरवत जावेत: उतरत उतरत वर्षाच्या आत तो निगेटिव्ह झाला आणि त्या वेळी औषध चालू नसेल तर बाळाला संसर्ग नव्हता असे बालरोगतज्ज्ञ लिहून देतात, आणि वर्ष उलटूनही तो टिकून राहिला तर ती प्रतिपिंडे बाळाची स्वतःची आहेत.